गहिनीनाथ नालबंदाच्या पोरी

माझ्या वडिलांचं नाव गहिनीनाथ. आम्ही दोघी बहिणी त्यांना दादा म्हणायचो आणि बाजारातले लोक नालबंद म्हणायचे. घोडेगावचा शुक्रवारचा जनावरांचा बाजार तेव्हाही पंचक्रोशीत मोठा. नेवाशाकडून, शेवगावकडून, पार औरंगाबादच्या बाजूनं बैल यायचे. बाजारतळाच्या एका कडेला लिंबाखाली दादांची जागा ठरलेली असे. बैलाच्या पायांत दोर अडकवून, त्याला अलगद कुशीवर पाडून, चारी पाय एकत्र बांधून त्याच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या, हा त्यांचा धंदा. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. एवढं मोठं जनावर, पण दादांचा गुडघा मानेवर आला आणि "थांब बाबा, झालंच बघ" असं ते त्याच्या कानाशी बोलले की गप पडून राहायचं. हे काम ते एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. त्या उस्तादाला मी पाहिलं नाही, पण दादा रोज काम सुरू करण्याआधी हातोडीला हात लावून त्याचं नाव घ्यायचे.

माझी आई साळूबाई. ती काविळीनं गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि बनी नुकती चालायला लागली होती. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनी दादांना मध्ये बसवून घेतलं. कुणी म्हणालं, दुसरी बायको कर. कुणी म्हणालं, पोरी मामाकडं मिरजगावला दे, पुरुष माणसाला पोरींचं काय कळतं. दादा बराच वेळ मातीत काडीनं रेघा ओढत बसले होते. मग म्हणाले, "बाईल बघू पुढं. पोरी मात्र माझ्यापाशीच ऱ्हातील."

दुसरी बायको त्यांनी केली नाही. कधी विषय निघाला तर हसून टाळायचे.

आमचं घर म्हणजे बाजारतळाला लागून असलेलं कुडाचं खोपट, वर पत्रा. पहाटे दादा चूल पेटवायचे. भाकरी त्यांना थापता यायची, पण गोल कधी झाली नाही. माझ्या केसांची वेणी ते घालायचे ती कासऱ्याला पीळ देतात तशी, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. आठवडाभर ती सुटायची नाही. बाजारातल्या बाया हसायच्या. "नालबंद, पोरीला काय दावनीला बांधायचीय का?" दादाही हसायचे आणि दुसऱ्या दिवशी तशीच वेणी घालायचे. बनीला रात्री झोप लागायची ती दादांचा कान मुठीत धरून. कूस बदलायची झाली तरी दादा आधी तिची बोटं सोडवायचे, मग वळायचे, मग दुसरा कान तिच्या हातात द्यायचे.

जिथं दादा तिथं आम्ही. शुक्रवारी बाजारात, इतर दिवशी कुणाच्या वस्तीवर, ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या गाडीतळावर. गाडीतळावर शेकडो बैलगाड्या उसानं लादलेल्या, बैलांचे पाय डांबरी रस्त्यानं झिजलेले, दादांना जेवायला वेळ नसायचा. मी बनीला कडेवर घेऊन उसाच्या मोळ्यांच्या सावलीत बसायचे. गाडीवाले कांडकं द्यायचे. त्या दिवसांसारखा गोडवा मला पुढं फार कमी मिळाला. शाळेत माझं नाव घातलेलं होतं, पण जाणं व्हायचं नाही. बनीला कोण बघणार?

मग बाहत्तरचं साल आलं. त्याच्या आधीही पाऊस हुलकावणी देतच होता. त्या वर्षी श्रावण कोरडा गेला. शुक्रवारच्या बाजारात बैल यायचे ते पत्र्या मारायला नाही, विकायला. ज्याला विकायचं त्याच्या पायाला कोण पत्री ठोकून घेतं? दादा दिवसभर लिंबाखाली बसून राहायचे. गावातली माणसं दुष्काळी कामावर गेली, तसे आम्हीही गेलो. डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाचं काम निघालं होतं, रस्त्यापासून चांगलं आत. शेजारच्या आक्काबाई आमच्याबरोबर होत्या. त्या एकट्याच होत्या. मूलबाळ नव्हतं, आणि बनीवर त्यांचा जीव. कामावर दादा माती वाहायचे, आक्काबाई पाट्या भरायच्या, मी बनीला घेऊन चादरीच्या सावलीत बसायचे. खायला सरकारी सुकडी, गोड भाजकं पीठ, आणि मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, तांबडी भाकरी. तिचे तुकडे व्हायचे, म्हणून दादा ती ताकाशिवायच पाण्यात कुस्करून बनीला भरवायचे.

तिथंच बनी आजारी पडली. जुलाब लागले, ताप चढला. दोन दिवसांत पोर चिपाडासारखी झाली. मुकादमाचा ट्रॅक्टर गावाकडं गेलेला, परत आला नव्हता. दुपारी तिनं डोळे फिरवले. बायका गोळा झाल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं, "बेंबीभवती डाग द्या, न्हाईतर पोर हाती लागत न्हाई."

दादांनी दाभण मागून घेतलं. ते निखाऱ्यात तापवलं. आक्काबाईंनी बनीचे हात धरले. दादांनी बेंबीच्या चार बाजूंना टेकवून उचललं, टेकवून उचललं. बनी इतकी क्षीण होती की ओरडलीसुद्धा नीट नाही. ते झाल्यावर दादा उठून तलावाच्या भरावापलीकडं गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. संध्याकाळी बनीनं पाणी मागितलं. सगळ्या बाया म्हणाल्या, डागानं पोर वाचली. आज मला तसं वाटत नाही. आक्काबाईंनी दिवसभर तिला मीठ-गुळाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं होतं, त्यानं ती वाचली असावी. पण त्या दिवशी दादांनाही डागावरच विश्वास होता.

एक डाग चिघळला आणि बरा व्हायला वेळ लागला.

ते काम संपलं तसे दिवाळीच्या सुमारास आम्ही घोडेगावला परत आलो. एका शुक्रवारी बाजारात बनीच्या टाचेत पत्र्याचा तुकडा घुसला. रक्त थांबेना, म्हणून दादा तिला उचलून रस्त्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही मागोमाग. डॉक्टर नवीन होते, वयानं लहान, हातानं हलके. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली. बनी रडून रडून उचक्या देत होती. छाती तपासायला म्हणून त्यांनी तिचा झगा वर केला, आणि त्यांचा हात थांबला.

"हे काय आहे?"

दादा खाली बघत राहिले.

"कुणी केलं हे? मी तुम्हांला विचारतोय."

नंतर मी दादांना विचारलं होतं की का बोलला नाहीत. म्हणाले, "त्यो माझ्याकडं असं बघत हुता जसं मी खाटीक हाय. मग माझं मलाच तसं वाटाया लागलं." डॉक्टरांनी एकदा दादांच्या काळ्या पडलेल्या, पोळलेल्या हातांकडं पाहिलं, एकदा बनीच्या पोटाकडं. मलम दिलं. आम्ही परत आलो. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यालाही तेच वाटलं असतं, आणि गप्प बसला असता तो डॉक्टर कसला?

पुढच्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, एक हवालदार आणि एक बाई आमच्या लिंबाखाली येऊन उभे राहिले.

दादांनी तेव्हा एक खिलारी बैल पाडलेला होता. तीन पायांच्या पत्र्या झाल्या होत्या. त्यांचा गुडघा बैलाच्या मानेवर, तोंडात खिळे धरलेले.

हवालदार म्हणाला, "गहिनीनाथ तूच का? ऊठ. पोरींना नगरला न्यायचंय. सरकारी आदेश हाय."

दादांनी वर पाहिलं. तोंडात खिळे होते, बोलता येईना. उठावं तर मान सुटलेला बैल उसळून कुणालाही मारेल. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मी कधी विसरणार नाही. मी बनीला घट्ट धरलं आणि लिंबाच्या खोडाला पाठ लावून उभी राहिले. बाजारातली माणसं जमायला लागली.

त्या बाई पुढं आल्या. उंच, सावळ्या, पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चपलांवर रस्त्याची धूळ. त्या हवालदाराला म्हणाल्या, "आदेश न्यायचा नाही, चौकशीचा आहे. मी बघितल्याशिवाय कुणाला नेणार नाही." मग दादांकडं वळून शांतपणे म्हणाल्या, "तुमचा बैल होऊ द्या आधी. मी बसते."

आणि त्या खरोखर बसल्या. तिथंच, बैलाच्या शेणाशेजारी, आमच्या पाण्याच्या डब्यावर. हवालदार बाजारतळावरच्या कारभारी नावाच्या माणसाच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसला. दादांनी चौथा पाय पूर्ण केला. एक खिळा वाकडा गेला. तो उपटून त्यांनी दुसरा घातला. बैल सोडला, उठवला, मालकाच्या हाती दिला. मग बाईंसमोर येऊन, हात धोतराला पुसत, जमिनीवर बसले.

त्यांचं नाव एलिझाबेथ. आडनाव मला कधी लक्षात राहिलं नाही, आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. नगरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या. त्या प्रोबेशन ऑफिसर होत्या. ज्या मुलांची आबाळ होते, ज्यांना मारहाण होते, अशांच्या घरी जाऊन चौकशी करायची आणि बालन्यायालयाला सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी दादांना सरळ सांगितलं.

"डॉक्टरांनी कळवलंय की मुलीच्या अंगावर भाजल्याच्या खुणा आहेत. मुलींना कायम मारझोड होत असेल असा त्यांना संशय आहे. ते खरं निघालं तर मुली इथं राहणार नाहीत. पण मुली घरातून न्यायच्या तर कोर्टाला आधी तुमचं ऐकावं लागतं. तुम्ही बाप आहात. तुम्हांला तिथं उभं राहून बोलायचा हक्क आहे. कळलं का मी काय म्हणते ते?"

दादा म्हणाले, "म्हंजी मला इचारत्याल?"

"हो."

"मला?"

त्यांना ते खरंच वाटत नव्हतं. तोवर सरकारनं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी बाई संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबल्या. आमच्या खोपटात आल्या. चूल पाहिली, आमची अंथरुणं पाहिली, मडक्यातलं पाणी प्यायल्या. दादांनी मिलोची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा पुढं केला. त्यांनी खाल्ला आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाल्या, "तिखट आहे हो." कारभारीला विचारून आल्या, बाजारातल्या दोन-तीन बायांना विचारून आल्या. माझ्याशी एकटीशी बोलल्या. वेणी कोण घालतं, रात्री कुठं झोपता, दादा दारू पितात का, मारतात का. बाकी सगळ्याला मी उत्तर दिलं. डागाचं विचारल्यावर मात्र मी उठून चुलीतली राख ओढायला लागले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बनीला त्यांनी मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, ती गेली नाही. हवालदाराला पाहून घाबरलेली पोर पळत जाऊन दादांच्या धोतरात घुसली. बाईंनी ते पाहिलं आणि पिशवीतून पेन्सिल काढून काहीतरी टिपून घेतलं.

हवालदार कुरकुरत होता. "बाई, रिकाम्या हातानं कसं जायचं? वर काय सांगू?"

"सांगा, मुलींना तारखेला हजर करायची जबाबदारी माझी. मी सही करते."

"त्यो पळून गेला तर?"

बाईंनी दादांकडं पाहिलं. दादा म्हणाले, "कुटं जानार हवालदारसाहेब? माझा धंदा हितं हाय."

ते गेल्यावर आक्काबाई आल्या. त्यांना सगळं कळलं होतं. दादांसमोर बसून हलक्या आवाजात म्हणाल्या, "गहिना, कोरटात माझं नाव सांग. म्हन, शेजारच्या म्हातारीनं दिला डाग, मी कामावर गेल्तो. मला कोन काय करतंय? धरून नेलं तर तिथं दोन टाइम खायला तरी मिळल."

"न्हाई आक्का."

"आरं, पोरी जातील!"

"जातील तर जातील. पर तुमी दिला न्हाई. मी दिला."

आक्काबाई रडायला लागल्या. दादा त्यांना पाणी द्यायला उठले.

तारखेच्या दिवशी दादांनी आम्हांला सकाळी लवकर न्हाऊ घातलं. पाणी टँकरचं, चार घरांत वाटून घेतलेलं, तरी डोक्यावरून घातलं. माझी वेणी त्या दिवशी दोनदा सोडून दोनदा घातली. कारभारीनं स्वतःची धुतलेली टोपी दिली. एस.टी.नं आम्ही नगरला गेलो. बनी खिडकीत उभी राहून सगळ्या रस्त्यानं हसत होती. तिला आपण जत्रेला चाललोय असंच वाटत होतं. इमामपूरच्या घाटात गाडी चढायला लागली तशी ती घाबरून दादांना बिलगली, मग पुन्हा हसायला लागली.

मुलांच्या रिमांड होमच्या आवारातच एका खोलीत ते न्यायालय भरायचं. मी पिंजरा असेल, काळे कोट असतील असं ऐकलं होतं. तसं काही नव्हतं. एक लांब टेबल, त्यामागं मॅजिस्ट्रेटसाहेब, आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन मानद सभासद. एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आणि एक प्रौढ बाई, अंगावर चांगली नारायणपेठ. भिंतीला एलिझाबेथबाई उभ्या.

साहेबांनी डॉक्टरांचा अहवाल वाचला. मग दादांना विचारलं, "मुलीच्या पोटावर हे डाग कुणी दिले?"

दादा म्हणाले, "मीच दिलं साहेब. दुसऱ्या कुनी न्हाई."

साहेबांनी कागदावरून मान वर केली. बहुधा त्यांना नकाराची सवय असावी.

"का दिले?"

"पोर हातात गार पडाया लागली हुती. बाया म्हनल्या डाग द्या. आमच्या घरात असंच करत्यात." मग दादांनी सदरा वर केला आणि स्वतःचं पोट दाखवलं. बेंबीच्या दोन्ही अंगांना जुने, पांढुरके व्रण होते. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. "ह्यो माझ्या आयनं दिल्याला. मी बी मरत हुतो म्हनं."

"दवाखान्यात का नेली नाही?"

"गाव लांब हुतं. वाहन नव्हतं. चालत निघालो तर वाटंतच जाईल असं वाटलं."

"तरी जायला पाहिजे होतं."

"व्हय साहेब," दादा म्हणाले. "जायला पायजे हुतं. तिच्या अंगाला दाभण लावलं तवापास्नं मला झोप न्हाई. बैलाला डाग द्यायला हात थरथरत न्हाई माझा. त्या दिशी थरथरला."

नारायणपेठेतल्या बाई मग बोलल्या. त्या कठोर नव्हत्या. समजावण्याच्या सुरात म्हणाल्या, "अहो, तुम्ही प्रेमळ असाल. पण घरात बाईमाणूस नाही, तुम्ही बाजारोबाजार फिरता, मोठी शाळेत जात नाही. संस्थेत मुलींना वेळेवर जेवण मिळेल, दूध मिळेल, शिक्षण मिळेल. मुलींचं भलं बघा ना."

दादांनी मान डोलावली. मग म्हणाले, "तुमचं खरं हाय बाई. हितं जेवान चांगलं मिळल. दूध तर मी दुष्काळ पडल्यापास्नं पोरींना दावलं बी न्हाई. शाळा बी मिळल. ते मी न्हाई म्हनत न्हाई." त्यांनी बनीला जवळ ओढलं. "पर ही धाकली माझा कान धरल्याबिगर झोपत न्हाई. ते हितं कोन करल? त्येवढं सांगा, मग मी पोरी ठिवून जातो."

टोपीतले गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले.

साहेबांनी एलिझाबेथबाईंना त्यांचं म्हणणं विचारलं. बाईंनी काही लपवलं नाही. डाग देणं चूक होतं हे म्हणाल्या. मोठी मुलगी शाळेत जात नाही, घर अगदीच साधं आहे, दुष्काळात मुलींची उपासमार झाली आहे, हेही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण हा माणूस मुलींना मारत नाही. शेजारी सांगतात, मोठी मुलगी सांगते, आणि दिसतंही. धाकटी घाबरली की बापाकडं पळते, बापापासून नाही. दुष्काळात तर अर्ध्या जिल्ह्यातली मुलं अर्धपोटी आहेत. उपाशी आहेत म्हणून काढून न्यायची म्हटली तर संस्था पुरायच्या नाहीत साहेब. यांना मदत पाहिजे. देखरेख मी करीन."

विचारविनिमयासाठी आम्हांला बाहेर पाठवलं. एका मावशींनी मला आणि बनीला मुलींच्या दालनात नेऊन वरण-भात वाढला. बनी पोटभर जेवली. तिथं माझ्याएवढी एक मुलगी भांडी घासत होती. रतन तिचं नाव. तिनं हात न थांबवता विचारलं, "तुमाला न्यायला आलंय का कुनी?"

मी म्हटलं, "आमचं दादा बाहेर हायेत."

"तुझं दादा सोताहून आलं?"

"व्हय."

तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुन्हा ताट घासायला लागली. तिच्या घरचं मला कळलं नाही. पण तिच्या मानेवर मागच्या बाजूला एक व्रण होता, आणि माझा हात चुकून तिच्या खांद्याला लागला तेव्हा ती जी दचकली ती मला अजून आठवते. काही मुलींना असं सरकारी घर हवंच असतं, हे मला त्या दिवशी कळलं, जरी तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं बोलावणं आलं. साहेबांनी सावकाश, दादांना कळेल असं सांगितलं. मुली बापाकडंच राहतील. पण वर्षभर एलिझाबेथबाई येऊन पाहतील. मोठीनं शाळेत जायचं. आजारी पडल्या तर दवाखाना, डाग नाही. पुन्हा तसं झालं तर मग ऐकून घेतलं जाणार नाही.

"न्हाई व्हनार साहेब," दादा म्हणाले. त्यांनी टेबलासमोर जमिनीला हात लावला. बाहेर येऊन ते एका झाडाखाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. बनी त्यांच्या पाठीवर चढून त्यांची टोपी ओढत होती. एलिझाबेथबाई लांब उभ्या राहिल्या होत्या. दादांचं रडणं थांबेपर्यंत त्या जवळ आल्या नाहीत.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात भरलेलं वर्ष. दुष्काळ होताच, पोटात कळ होती, तरीही. मी शाळेत जायला लागले. शाळेच्या वेळात बनीला आक्काबाई सांभाळायच्या. बाईंनीच खटपट करून आक्काबाईंना गावाजवळच्या दुष्काळी कामावर मुलं सांभाळायचं काम मिळवून दिलं. मजुरांची दहा-पंधरा पोरं सावलीत घेऊन बसायच्या म्हातारबाई, आणि त्याचे पैसे मिळायचे. त्यांना कितीतरी दिवस ते पटत नव्हतं. "पोरं खेळवायचं बी पैसं देत्यात?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या.

महिन्या-दीड महिन्यानं बाई यायच्या. आधी दादा घाबरायचे. खोपट झाडून, शेणानं सारवून, आम्हांला ताटकळत बसवायचे. पुढं पुढं वाट बघायला लागले. "आज बाई येतील बहुतेक," म्हणून सकाळपासून रस्त्याकडं डोळे. बाई ठेचा मागून घ्यायला लागल्या. बनीचं वजन बघायला तिला उचलायच्या आणि म्हणायच्या, "जड झाली हो, आता माझ्यानं उचलत नाही." तसं ऐकलं की दादांची छाती फुगायची. पाटी-पुस्तक बाईच घेऊन यायच्या.

एकदा दादांनी त्यांना विचारलं, "बाई, तुमी त्या दिशी पोरी नेल्या का न्हाईत? हवालदार तर म्हनतच हुता."

बाई म्हणाल्या, "मी सात वर्षांची होते तेव्हा आई आजारी पडली. पाळकांनी मला बोर्डिंगात ठेवलं. चांगलं होतं बोर्डिंग. खायला होतं, मी शिकले, आज जी काही आहे ती त्यामुळंच. पण आईला कुणी विचारलं नव्हतं. ती बरी होऊन न्यायला आली, तेव्हा मी तिला ओळखलंच नाही."

दादांनी उठून बाईंच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

वर्ष संपलं तेव्हा बाई शेवटच्या आल्या. पावसानं त्या साली तोंड दाखवलं होतं, बाजारात बैल परत यायला लागले होते. त्या म्हणाल्या, "गहिनीनाथ, तुमची केस संपली. आता मला यायचं कारण नाही."

दादांचा चेहरा पडला. "म्हंजी आता तुमी येनार न्हाई?"

"तुम्ही नीट सांभाळलंत म्हणून तर संपली."

"तसं न्हाई हो," दादा म्हणाले, आणि पुढं त्यांना सुचेना. "काय चुकलं तर येशाल का?"

बाई खळखळून हसल्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाल्या, "चुकू नका. मी बाजाराला येईन कधीतरी."

त्या आल्याही दोन-तीनदा. मग त्यांची बदली झाली.

मी पुढं शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन कोल्हारला आले. बनी नर्स झाली. गावोगाव ट्रॅक्टर आले, उसाला ट्रक लागले, आणि दादांच्या लिंबाखाली येणारे बैल कमी कमी होत गेले. ते कुरकुरले नाहीत. हात चालेनासे झाले तेव्हा मी त्यांना आमच्याकडं आणलं. प्रवरेच्या काठावर सकाळी फिरायला जायचे, परत येऊन शाळेतल्या पोरांना बाहेर उभं राहून बघायचे. कुणाचा बाप पोराला कान धरून ओढताना दिसला की मध्ये पडायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा लुडबुड करतो.

एकदा नगरला एका दुकानात मला एलिझाबेथबाई दिसल्या. केस पांढरे झालेले, हातात काठी. मी पाया पडले, ओळख सांगितली. त्यांना आठवेना. "घोडेगाव... नालबंद..." त्या कपाळाला आठ्या घालून आठवत राहिल्या, आणि मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, "नाही गं आठवत. किती घरं झाली त्या दुष्काळात." घरी येऊन मी ते दादांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल.

दादा म्हणाले, "बरंच हाय की. म्हंजी लई जनांच्या पोरी घरी ऱ्हाईल्या."

त्यानंतर दोन वर्षांनी, कार्तिकात, दुपारी जेवून अंगणात बाजेवर पडले आणि उठले नाहीत. घोडेगावहून टेम्पो भरून माणसं आली. त्यांत अशी कितीतरी होती ज्यांना मी ओळखत नव्हते. एक म्हातारा शेतकरी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या बानं माझ्या चार जोड्यांना पत्र्या मारल्या. एक बी बैल कदी लंगडला न्हाई." मी मान हलवली. बनी आत सगळ्यांसाठी चहा ठेवत होती, आणि तिलाही हे ऐकवावं म्हणून तिला हाक मारायला मी उठले.